कौशल्य आराखडा शेवटाकडून कसा करावा: मुंबईत हे काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

जिल्ह्याचा कौशल्य विकास आराखडा पहिल्यांदा हातात आला की बहुतेक जण एकाच ठिकाणाहून सुरुवात करतात. आपल्याकडे केंद्रं किती, कोर्स कोणते, जागा किती? मग त्या जागा भरायला मुलं शोधायची आणि मुलं शिकून झाली की त्यांना चिकटवायला नोकऱ्या शोधायच्या. असा आराखडा कागदावर छान बसतो, मार्चएंडला उद्दिष्टही गाठतो. सहा महिन्यांनी फोन लावला की मात्र कळतं, मुलगा ते काम कधीच सोडून गेला.

इथे उलटा क्रम दिला आहे. सहा महिन्यांनंतर कुठल्या कामावर किती माणसं टिकलेली हवीत ते आधी ठरवायचं आणि तिथून मागे मागे येत कोर्स, तुकड्या आणि पैसा ठरवायचा. जिल्हा कौशल्य विकास केंद्रात नव्याने रुजू झालेले, संस्थांचे प्रकल्प समन्वयक, कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी सांभाळणारे आणि आयटीआयमध्ये प्लेसमेंट बघणारे या सगळ्यांना तो वापरता येईल.

पहिली पायरी: आपला प्रदेश लोकलच्या नकाशावर आखा

सरकारी कागदावर मुंबईचे दोन जिल्हे आहेत. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत मुंबई शहर, त्याचं जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टात. वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंड-मानखुर्दपर्यंत मुंबई उपनगर, त्याचं कार्यालय वांद्रे पूर्वेला. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ३०.८५ लाख होती आणि उपनगराची सुमारे ९३.५७ लाख. आराखडे दोन्हींचे वेगळे होतात, समित्याही वेगळ्या बसतात. पण नोकरीला जाणारा माणूस जिल्ह्याची हद्द बघत नाही, गाडी बघतो. परळच्या हॉस्पिटलांत काम करणाऱ्या कितीतरी जणी रोज कल्याण-बदलापूरहून येतात, आणि मुलुंडचा पोरगा ठाण्यातल्या वर्कशॉपमध्ये जातो.

म्हणून कामाचं एक ठिकाण धरा आणि घराच्या दारापासून कामाच्या दारापर्यंत सव्वा तासात, फार तर एकदा गाडी बदलून, कुठून कुठून पोचता येतं ते काढा. ज्या स्टेशनांवरून पोचता येतं, तेवढा तुमचा प्रदेश. नकाशावरच्या अंतरावर विसंबू नका. मानखुर्द आणि सीप्झ, म्हणजे अंधेरी पूर्वेची निर्यात वसाहत, नकाशावर फार लांब दिसत नाहीत. प्रत्यक्षात मानखुर्दहून हार्बरने कुर्ला, मेन लाइनने घाटकोपर, तिथून मेट्रो एकने मरोळ नाका आणि मग मेट्रो तीनने सीप्झ, म्हणजे तीनदा उतरायचं, तीनदा चढायचं. दोन्ही मेट्रोंचं भाडं धरलं तर सुरुवातीच्या पगारावरच्या मुलीला हे रोज परवडत नाही. उलट भांडुपचा मुलगा २०१४ साली मेट्रो एक सुरू झाल्यापासून मरोळला सहज जातो. त्याच्यासाठी मरोळ हा घरचा पट्टा झाला.

पाळी किती वाजता सुटते, तेही याच कागदावर लिहा. रात्री अकराला सुटणाऱ्या मॉलच्या नोकरीसाठी स्टेशनपासून घरापर्यंतची शेवटची बस किंवा शेअर रिक्षा मिळते का, हे मुलींच्या बाबतीत कोर्स निवडण्याआधी बघायचं असतं.

दुसरी पायरी: तयार आकडे घ्या, पण त्यांच्या मर्यादेसकट

बेरोजगारीचा आकडा राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या पीएलएफएस, म्हणजे नियतकालिक श्रमशक्ती पाहणीतून येतो. ही पाहणी २०१७-१८ पासून सुरू आहे आणि २०२५ पासून तिचे मासिक अंदाजही निघतात. राज्याचं चित्र समजायला ती चांगली. तुमच्या वॉर्डात किती बेरोजगार आहेत, हे ती सांगत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बेरोजगार कोणाला म्हणायचं याची तिची व्याख्या नीट वाचून घ्या. काम शोधणं ज्याने सोडून दिलं तो बेरोजगारांत मोजला जात नाही, तो श्रमशक्तीच्याच, म्हणजे काम करणारे आणि शोधणारे यांच्याच, बाहेर जातो. आणि साप्ताहिक निकषात, पाहणीच्या आठवड्यात एक तास जरी काम केलं असेल तरी तो माणूस रोजगारात धरला जातो. लग्नानंतर घरी बसलेली बी.कॉम. मुलगी आणि आठवड्यातून दोन दिवस नाक्यावर काम मिळणारा रंगारी, दोघंही बेरोजगारीच्या टक्केवारीत दिसत नाहीत. तुमचे निम्मे उमेदवार मात्र त्यांच्यातूनच येणार असतात. म्हणून बेरोजगारीच्या दरासोबत श्रमशक्तीतला सहभाग, तोही स्त्री-पुरुष वेगळा, नेहमी बघा.

राज्य सरकारच्या महास्वयम रोजगार पोर्टलवर नोंदणी केलेल्यांचा आकडा म्हणजे बेरोजगारांचा आकडा नव्हे. नोकरी लागल्यावर नाव काढायला कोणी येत नाही, आणि नोकरीत असलेलेही चांगल्या संधीसाठी नाव ठेवतात. पण त्याच पोर्टलवर कंपन्यांनी टाकलेल्या रिक्त जागा उपयोगी पडतात. पद, ठिकाण, शिक्षण आणि पगार असे चार रकाने करून मागच्या १२ महिन्यांच्या जागा उतरवून काढा. आस्थापना कुठे दाटल्या आहेत ते उद्यम नोंदणीवरून कळतं, कारण तिथे उद्योगाचा प्रकार सांगणारा एनआयसी संकेतांक असतो.

संकेतांकांचा कंटाळा करू नका. एसी दुरुस्त करणाऱ्याला एक कंपनी ‘सर्व्हिस इंजिनिअर’ म्हणते, दुसरी ‘टेक्निशियन’, तिसरी नुसतंच ‘एसीवाला’. तिन्ही एकच आहेत हे राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणामुळे, म्हणजे एनसीओ २०१५ मुळे, पक्कं होतं. त्यात एसी आणि रेफ्रिजरेशन मेकॅनिकचा गट ७१२७ आहे. प्रत्येक कामापुढे हा चार अंकी गट लिहिला की एकाच मागणीची तीनदा मोजणी होत नाही.

या पायरीवर दोन आठवड्यांहून जास्त घालवू नका. इथे रमणारी मंडळी पुष्कळ असतात. सुंदर आलेख होतात आणि मालकांना भेटायला वेळ उरत नाही.

तिसरी पायरी: मालकाला भविष्य विचारू नका, गेलं वर्ष विचारा

‘पुढच्या तीन वर्षांत तुम्हाला किती कुशल माणसं लागतील?’ हा प्रश्न बहुतेक सर्वेक्षणांत असतो आणि बहुतेक सर्वेक्षणं तिथेच फसतात. मालक तोंडाला येईल तो आकडा सांगतो, कारण सांगायला पैसे पडत नाहीत. ‘पन्नास पाठवा ना’ असं म्हणणारा प्रत्यक्षात तिघांना घेतो.

त्याऐवजी हे विचारा:

- आज या कामावर किती माणसं आहेत? त्यात कंत्राटी किती?
- गेल्या १२ महिन्यांत किती नवे घेतले? कुठून आले?
- किती सोडून गेले, आणि गेले कुठे?
- शेवटची जागा भरायला किती दिवस लागले?
- नव्या माणसाच्या हातात महिन्याला किती पडतात? पगार कितव्या तारखेला होतो?
- नवा माणूस एकट्याने काम करायला लागायला किती दिवस जातात? तोवर तो नेमकं काय चुकवतो?

‘हातात किती पडतात’ हे शब्द मुद्दाम आहेत. ‘पॅकेज किती’ विचारलंत तर सीटीसी, म्हणजे कंपनीला पडणारा एकूण खर्च, सांगतील, आणि त्यातून पीएफ, ईएसआय, कधी गणवेशाचे पैसे कापून हाती येणारी रक्कम बरीच कमी असते. मुलगा डिलिव्हरीच्या कामातल्या कमाईशी तुलना करतो ती याच रकमेची.

उत्तरं कोणाकडून घ्यायची? एचआरकडे मंजूर पदांचा तक्ता असतो. शेवटचा प्रश्न सुपरवायझरला किंवा वर्कशॉपच्या मिस्त्रीलाच विचारायचा. साकीनाक्यातल्या छोट्या गाळ्यात दुपारी जेवणानंतर जा. सकाळी माल निघत असतो, तेव्हा कोणी बोलत नाही. एका कामासाठी ३० ते ४० आस्थापना पुरतात, मात्र त्यांत किमान निम्म्या २० पेक्षा कमी माणसांच्या असाव्यात. औद्योगिक संघटनेच्या सभासद यादीवरून सर्वेक्षण केलं की फक्त मोठ्या, इंग्रजीत उत्तर देणाऱ्या कंपन्या येतात, आणि मुंबईतल्या पुष्कळशा नोकऱ्या गाळ्यांत, दुकानांत आणि सोसायट्यांच्या देखभालीत आहेत.

एकाच उद्योगावर आराखडा उभा करू नका, हे मुंबईला वेगळं सांगायला नको. जानेवारी १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. साच्यावर वर्षानुवर्षं काढलेल्या विणकराच्या हाताला पुढे लोअर परळच्या मॉलमध्ये काहीच किंमत उरली नाही.

चौथी पायरी: खरी मागणी काढा

एक उदाहरण सोडवून बघू. आकडे पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत, तुमचे आकडे सर्वेक्षणातून येतील.

अंधेरी ते घाटकोपर पट्ट्यात एसी दुरुस्तीची ६० दुकानं आणि सर्व्हिस सेंटर आहेत, त्यांत मिळून ४२० तंत्रज्ञ. वर्षभरात १२६ जण काम सोडून गेले. नव्याने वाढलेल्या जागा २१. नवखा माणूस दोन्हींची बेरीज करतो आणि मागणी १४७ असं लिहून मोकळा होतो.

आता ‘गेले कुठे’ या प्रश्नाची उत्तरं उघडा. १२६ पैकी ८४ जण याच पट्ट्यातल्या दुसऱ्या दुकानात गेले, हजार-दोन हजार जास्त मिळाले म्हणून. त्यांची जुनी जागा रिकामी झाली तशी नवी जागा भरलीही. पट्ट्याच्या हिशोबात ही मागणी शून्य. उरलेले ४२ मात्र खरोखर बाहेर गेले: कोणी आखातात, कोणी स्वतःचा धंदा टाकला, कोणी गावी. म्हणजे खरी मागणी ४२ अधिक २१, एकूण ६३.

आता पुरवठा. जवळच्या आयटीआयमधल्या दोन तुकड्यांत ४८ जागा. त्यातले पास झाले ४०. आठ जण पुढे डिप्लोमाला गेले, दहा जण पट्ट्याबाहेर शिकाऊ उमेदवार म्हणून लागले. उरले २२. शिवाय दुकानातलेच २० हेल्पर वर्षभरात हात बसून तंत्रज्ञ झाले. ही संख्या जवळजवळ प्रत्येक आराखड्यात विसरली जाते, कारण ते कुठल्याच पोर्टलवर नसतात. एकूण पुरवठा ४२. तूट ६३ वजा ४२, म्हणजे २१.

मग २१ जागांचा कोर्स काढायचा का? नाही, कारण गळती आहे. तुमच्या केंद्राच्या मागच्या तीन तुकड्यांची हजेरी काढून एक उतरंड मांडा. समजा १०० प्रवेशांतले ८० पूर्ण करतात, ७० ना प्रमाणपत्र मिळतं, ५८ कामावर रुजू होतात आणि सहा महिन्यांनी ४४ टिकतात. २१ टिकवायचे तर २१ भागिले ०.४४, म्हणजे साधारण ४८ प्रवेश. २४ च्या दोन तुकड्या.

भोळ्या हिशोबाने काय झालं असतं? १४७ वजा ४२, म्हणजे १०५ ची तूट, आणि त्याच गळतीने सुमारे २४० प्रवेश. दोनऐवजी दहा तुकड्या! आठ तुकड्यांचा पैसा गेलाच, वर जास्तीची मुलं बाजारात आल्याने सगळ्यांचाच पगार खाली. ८४ जणांची ये-जा ही पगाराची आणि वागणुकीची अडचण आहे, तिला कोर्स हे औषध नाही. ती वेगळी लिहून मालकांपुढे ठेवा.

गळती कमी करणं हा तुकडी वाढवण्यापेक्षा स्वस्त उपाय. टिकणाऱ्यांचं प्रमाण ४४ वरून ६० झालं तर तेच २१ जण ३५ प्रवेशांत मिळतात. आणि रुजू झाल्यापासून सहाव्या महिन्यापर्यंतची गळती पहिल्या चाळीस दिवसांत सुरू होते. मुलगा ३ जूनला लागला आणि पगार पुढच्या महिन्याच्या १० तारखेला होत असेल, तर पहिले पैसे हाती यायला ३७ दिवस. तेवढे दिवस पास, जेवण, सेफ्टी शूज, सगळं घरातून. घरात नसेल तर तो तिसऱ्या आठवड्यात रोजच्या रोज पैसे देणाऱ्या कामावर जातो आणि आपण लिहितो, ‘उमेदवारात चिकाटी नाही’. आराखड्यात पहिल्या महिन्याच्या पासाची आणि जेवणाची एक ओळ घाला. किंवा मालकाशी बोलून पंधरवड्याला उचल ठरवून घ्या.

पाचवी पायरी: कोर्स हे एकच हत्यार नाही

तूट निघाली की लगेच नवी तुकडी लिहू नका. आधी तीन गोष्टी तपासा.

काम येतं पण कागद नाही, अशी माणसं किती? नाक्यावरचे प्लंबर, धारावीतले चामड्याचे कारागीर, गोवंडीतले शिलाई कारागीर. यांना चारशे तास वर्गात बसवणं म्हणजे पोहणाऱ्याला पाणी दाखवणं. त्यांच्यासाठी आधीच्या शिक्षणाला मान्यता देण्याची पद्धत आहे, तिला सगळे आरपीएल म्हणतात. थोडं उजळणी प्रशिक्षण, परीक्षा, प्रमाणपत्र. मात्र परीक्षेच्या दिवसाची त्यांची मजुरी बुडते. ती भरून दिली नाही तर हजेरी लागत नाही.

दुसरं, शिकाऊ उमेदवारी. १९६१ च्या कायद्याखालच्या नियमांनुसार कंत्राटी धरून ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. ४ ते २९ माणसं असतील तर ते ऐच्छिक आहे. म्हणजे २०० माणसांच्या कंपनीत किमान ५, जास्तीत जास्त ३०. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिन्याला कमाल १,५०० रुपये, केंद्र सरकार उमेदवाराच्या खात्यात भरतं. तुमच्या पट्ट्यातल्या ३० च्या वरच्या आस्थापनांची यादी करून कायद्याने निघणाऱ्या जागा आणि प्रत्यक्ष भरलेल्या जागा शेजारी शेजारी मांडा. अनेकदा तूट तिथल्या तिथे भरते, नवं केंद्र उघडावं लागत नाही.

तिसरं, मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत बारावी झालेल्यांना महिन्याला ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं. चांगली पायरी आहे, पण आस्थापनेला आधीच विचारा: सरकारी विद्यावेतन थांबल्यावर ही जागा राहणार का? उत्तर लेखी मिळत नसेल, तर ते उमेदवार ‘रोजगार मिळाला’ या रकान्यात धरू नका.

सहावी पायरी: अभ्यासक्रमात नेमकं काय हवं

कोर्सची पात्रता निवडताना राष्ट्रीय पात्रता नोंदवहीतली, एनएसक्यूएफची, म्हणजे राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याची, पातळी असलेलीच घ्या, नाहीतर निधी अडतो. पण कागदावर मान्य असलेला कोर्स गाळ्यात चालतोच असं नाही. इथे तिसऱ्या पायरीतला शेवटचा प्रश्न कामी येतो: नवा माणूस काय चुकवतो?

एसीचंच घ्या. पुष्कळ केंद्रांत सरावाला जुने आर-२२ गॅसचे युनिट असतात. आर-२२ चा वापर टप्प्याटप्प्याने बंद होत आहे आणि आज घरोघरी बसणाऱ्या नव्या स्प्लिट एसीत प्रामुख्याने आर-३२ असतो. आर-३२ सौम्य ज्वालाग्राही आहे. पाइपात गॅस असताना ब्रेझिंगची (पाइप जोडण्याची) ज्योत लावायची नाही, आधी गॅस काढून घ्यायचा, नायट्रोजनने दाब तपासायचा, व्हॅक्यूम पंप लावून हवा आणि ओल ओढून घ्यायची, मग वजनकाट्यावर मोजून गॅस भरायचा. जुन्या युनिटवर शिकलेला मुलगा गेजवर अंदाजाने गॅस भरतो आणि पंप लावायचा कंटाळा करतो. कॉम्प्रेसर जातो, ग्राहक ओरडतो, मालक मुलाला हेल्परवर उतरवतो, पगार कमी होतो, मुलगा सोडतो. गळतीच्या उतरंडीतली शेवटची पायरी अशी वर्गातच घडलेली असते.

म्हणून २४ च्या तुकडीला चौघांमागे एक असे सहा चालू स्प्लिट युनिट, त्यांत निदान चार आर-३२ चे. दोन व्हॅक्यूम पंप, गॅसचा वजनकाटा, मॅनिफोल्ड गेज, क्लॅम्प मीटर, पाव आणि अर्धा इंची तांब्याच्या पाइपाचं तोंड रुंदावणारं फ्लेअरिंग टूल. प्रत्येकाच्या हातून किमान वीस फ्लेअर झाले पाहिजेत, नुसतं बघून ते जमत नाही. शिवाय दोन गोष्टी मुंबईच्या. समुद्राच्या खाऱ्या हवेने बाहेरच्या युनिटची कॉइल लवकर सडते, ती ओळखणं आणि धुणं. आणि बाराव्या मजल्याच्या खिडकीबाहेर टांगलेल्या युनिटवर काम करायचं तर सेफ्टी बेल्ट कुठे अडकवायचा, हे प्रत्यक्ष करून दाखवणं. हा दुसरा धडा वगळलेलं केंद्र निवडू नका, बाकी कितीही चकचकीत असलं तरी.

याच रीतीने दुसऱ्या कामांचं बघा. परळच्या हॉस्पिटलांसाठी परिचर घडवायचे तर रुग्णाला कूस बदलून देणं डमीवर शिकवून भागत नाही, वॉर्डात ठरावीक तास हवेत आणि त्याचं पत्र हॉस्पिटलकडून आधी हवं.

सातवी पायरी: वेळापत्रक

मुंबईत एसीच्या सर्व्हिसिंगचे फोन फेब्रुवारीच्या अखेरीपासून वाढतात आणि मार्च ते मे दुकानदार मिळेल त्या माणसाला घेतो. जूनमध्ये पाऊस पडला की तोच दुकानदार ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणतो. म्हणजे तुकडी फेब्रुवारीच्या मध्यावर बाहेर पडली पाहिजे. ४०० तासांचा कोर्स, रोज सहा तास, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे साधारण साडेतेरा आठवडे. त्यात दिवाळीचा एक आठवडा. ऑक्टोबरच्या मध्याला सुरू केलंत तर जानेवारीच्या अखेरीस वर्ग संपतो आणि परीक्षा-निकालाला दोन-तीन आठवडे मिळतात.

गणपतीच्या आधी तुकडी सुरू करू नका. लालबाग-परळपासून भांडुपपर्यंत निम्मा वर्ग कोकणात जातो, उरलेला मंडळात असतो, आणि दहा दिवसांत तुटलेली सवय पुन्हा लागत नाही. मात्र मुलं जोडायला हाच काळ सर्वांत चांगला. मंडळाचे कार्यकर्ते, अभ्यासिका, बचत गटाच्या ताई, अंगणवाडी सेविका यांच्याकडे गल्लीतल्या घरी बसलेल्या प्रत्येक मुलाची माहिती असते. पत्रकं वाटून येणारी मुलं मानधन विचारतात, ताईंनी पाठवलेली मुलं वेळ विचारतात.

पैशाचं वेळापत्रक वेगळंच असतं. जिल्हा वार्षिक योजनेतून निधी हवा असेल तर पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा नियोजन समिती पुढच्या वर्षाच्या आराखड्यावर साधारण डिसेंबर-जानेवारीत बसते, तोवर तुमचा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या कौशल्य विकास समितीतून पुढे गेलेला असायला हवा. म्हणजे सर्वेक्षण पावसाळ्यात, हिशोब सप्टेंबरात, समिती ऑक्टोबर-नोव्हेंबरात. सीएसआरचा पैसा कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली रोजगारक्षम कौशल्यांसाठी चालतो, आणि फेब्रुवारीत ‘उरलेले पैसे लवकर खर्च करा’ म्हणून येतो. त्या पैशातून तुकडी काढू नका, यंत्रं घ्या.

आठवी पायरी: आराखड्याची एक ओळ

शंभर पानांचा अहवाल समितीत कोणी वाचत नाही. प्रत्येक कामाची एक ओळ करा. वरच्या उदाहरणाची ओळ अशी होईल:

एसी तंत्रज्ञ (एनसीओ ७१२७), अंधेरी–घाटकोपर, तूट २१, प्रवेश ४८, तुकड्या दोन, ऑक्टोबर ते फेब्रुवारी, घेणारी दुकानं १४, प्रत्येकाची संख्या आणि हातात पडणारा पगार लेखी, प्रशिक्षण केंद्र व त्यातली आर-३२ युनिट, निधी कुठून किती, सहा महिन्यांनी टिकलेले: अपेक्षित २१.

‘घेणारी दुकानं’ हा रकाना रिकामा असेल तर ती ओळ काढून टाका. केंद्राकडे आधीपासून वीस शिलाई मशीन आहेत म्हणून शिलाई आणि संगणक आहेत म्हणून डेटा एन्ट्री, अशा ओळी दर वर्षी हळूच परत येतात. त्यांना याच रकान्याने अडवायचं.

प्रशिक्षण संस्थेशी करार करताना शेवटचा हप्ता प्रमाणपत्रावर न ठेवता सहाव्या महिन्याच्या पुराव्यावर ठेवा. पुरावा म्हणजे नेमणूकपत्र नव्हे, ते कोणीही छापतं. तीन महिन्यांच्या पगाराच्या बँक नोंदी किंवा पीएफ पासबुकातल्या नोंदी मागा. छोट्या दुकानात पगार रोखीने होत असेल तर भेट देऊन कामावरचा फोटो आणि मालकाची सही चालेल, पण भेट तुमच्याच माणसाने द्यायची.

पाठपुरावा

१५ व्या, ४५ व्या, ९० व्या आणि १८० व्या दिवशी फोन. पंधराव्या दिवशी प्रवास आणि वागणूक विचारा, पंचेचाळिसाव्या दिवशी पहिला पगार पूर्ण आला का ते विचारा. कामावर नसेल तर कारण एका शब्दात नोंदवा: प्रवास, पगार, पाळी, काम जमलं नाही, घर, दुसरी नोकरी. दुसरी नोकरी त्याच कामाची असेल तर तो टिकलेल्यांत धरा. वर्षाअखेरीस ही कारणं मोजली की पुढच्या आराखड्यातली उतरंड अंदाजावर राहत नाही.

प्रवेशाच्या वेळी दोन नंबर घ्या. मुलं रिचार्जच्या ऑफरप्रमाणे सिम बदलतात, १८० व्या दिवशी पहिला नंबर लागत नाही. दुसरा नंबर आईचा घ्या. मुलगा कुठे कामाला आहे, किती वाजता निघतो आणि गेल्या महिन्यात घरी किती दिले, हे ती एका दमात सांगते.